शिकोनिन आणि वनस्पति-ऊतक संवर्धन

शिकोनिन : मुरासाकी (लॅ. लिथोस्पर्मम एरिथ्रोरायझन, कुल – बोरॅजिनेसी, भोकर कुल) या बहुवर्षायू ओषधीच्या मुळांच्या सालीत आढळणारे जांभळट तांबडे रंगद्रव्य. ते नॅप्थोक्विनोन वर्गातील असून कित्येक सूक्ष्मजंतूंची, विशेषतः जखमेत पू उत्पन्न करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूची, वाढ रोखते. वनस्पतीच्या सुट्या कोशिका (पेशी) कृत्रिम माध्यमात वाढवून त्यांपासून औद्योगिक प्रमाणावर मिळविलेले हे पहिले दुय्यम चयापचयी द्रव्य (वनस्पतीच्या वाढीस प्रत्यक्ष आवश्यक नसलेले, परंतु संरक्षणादी कामी येणारे द्रव्य) होय. शेतात ज्या कामास कमीत कमी तीन-चार वर्षे लागत, ते १९८३ च्या सुमारास जपानमध्ये बंद टाकीत तीन-साडेतीन आठवड्यांत होऊ लागले. ऊतक संवर्धनाच्या इतिहासात या घटनेचा उल्लेख नेहमी विजयाची खूण म्हणून केला जातो व तो योग्यही आहे. परंतु त्या विजयामागोमाग वनस्पतिज सूक्ष्मजंतुरोधक द्रव्यांच्या टाक्यांची रांग उभी राहिली नाही, आणि ज्या मलमामुळे शिकोनिनाला औषधात स्थान मिळाले ते मलम मुळांपासूनच बनत राहिले. असे का घडले, हा या इतिहासातील महत्त्वाचा प्रश्न आहे.

मुरासाकी व तिचे उपयोग : ही वनस्पती जपान, कोरिया, चीन व रशियाचा अतिपूर्वेकडील भाग येथे डोंगराळ गवताळ जमिनीत उगवते. तिची फुले लहान व पांढरी असतात. रंग असतो तो जमिनीखाली. जपानी भाषेत ‘मुरासाकी’ हा शब्द वनस्पतीचा व जांभळ्या रंगाचाही वाचक आहे. वाळलेल्या मुळास ‘शिकोन’ (जांभळे मूळ) म्हणतात व त्यावरूनच शिकोनिन हे नाव आले. मुळे कुटून गरम पाण्यात काढलेला रंग कॅमेलियाच्या लाकडाच्या राखेच्या साहाय्याने कापडावर पक्का करीत. त्या राखेतील ॲल्युमिनियम रंगबंधकाचे काम करते. ६०३ मध्ये जपानी दरबारात अधिकाऱ्यांच्या श्रेणी टोप्यांच्या रंगांनी दर्शविण्याची पद्धत सुरू झाली, तीत जांभळा रंग सर्वांत वरच्या श्रेणीसाठी राखलेला होता, असे मानले जाते.

चिनी वैद्यकात या मुळाचा उपयोग फार पूर्वीपासून माहीत होता. जपानमध्ये तो घराघरांत पोहोचला तो हानाओका सेइशू (१७६०–१८३५) या शल्यचिकित्सकामुळे. धोतरा व बचनाग यांपासून केलेले पेय देऊन रुग्णास पूर्ण बेशुद्ध करून त्यांनी १८०४ मध्ये स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया केली. ईथरच्या प्रसिद्ध प्रयोगाच्या चार दशके आधीची ही गोष्ट. शस्त्रक्रियेइतकीच जखम भरून येण्याची चिंता त्यांना वाहावी लागत असणार, हे उघड आहे. एका जुन्या चिनी मलमात फेरफार करून त्यांनी ‘शिउन्को’ (जांभळ्या ढगाचे मलम) तयार केले. त्यात शिकोन व अँजेलिका वंशातील एका वनस्पतीचे मूळ तिळाच्या तेलात तापवून त्यात मेण व डुकराची चरबी घालतात. भाजणे, भेगा, मूळव्याध व न भरणाऱ्या जखमा यांवर ते लावतात.

भारतात ‘रतनजोत’ या नावाने मिळणारी मुळे याच कुलातील आर्नेबिया व ओनोस्मा या हिमालयीन वंशांची असतात. केसांच्या तेलाला तांबडा रंग आणण्यासाठी ती महाराष्ट्रातील काष्ठौषधींच्या दुकानांतही विकली जातात. यूरोपात अल्काना टिंक्टोरिया या वनस्पतीची मुळे तशाच कामी वापरीत. थेसालोनायकी येथील व्ही. पी. पापायॉर्यू यांनी त्यांतील रंगद्रव्यांच्या जखमा भरून आणण्याच्या गुणाविषयीचे संशोधन १९७८ मध्ये प्रसिद्ध केले. एकमेकांपासून इतक्या दूरच्या लोकांनी एकाच कुलातील तांबडी मुळे तेलात घालून जखमेवर लावावीत, हा केवळ योगायोग नव्हे. हे रंगद्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र सहज उतरते.

रासायनिक संरचना : शिकोनिनाच्या संरचनेचा पहिला आराखडा कुरोदा चिका (१८८४–१९६८) यांनी १९१८ मध्ये मांडला. १९१३ मध्ये तोहोकू विद्यापीठाने ज्या तीन स्त्रियांना प्रवेश दिला त्यांपैकी त्या एक होत. जपानमधील शासकीय विद्यापीठात स्त्रियांना प्रवेश मिळण्याचा हा पहिलाच प्रसंग. तेथे माजिमा रिको यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी हे काम हाती घेतले. या आराखड्यात १९३६ मध्ये हान्स ब्रोकमान यांनी दुरुस्ती केली. यूरोपीय मुळातील अल्कानिन व जपानी मुळातील शिकोनिन हे एकच संयुग असून त्यांचे रेणू उजव्या व डाव्या हाताप्रमाणे परस्परांची आरशातील प्रतिबिंबे आहेत, हेही त्यांनी दाखविले. शिकोनिनाच्या रेणूत १६ कार्बन, १६ हायड्रोजन व ५ ऑक्सिजन अणू असतात. जोडवलयी नॅप्थोक्विनोनाच्या गाभ्याला सहा कार्बनांची बाजूची शृंखला जोडलेली असते. मुळात ते बहुधा ॲसिटिक व इतर अम्लांच्या एस्टरांच्या रूपात असते.

सूक्ष्मजंतूंवरील त्याची क्रिया क्विनोन गाभ्यामुळे होते. हा गाभा इलेक्ट्रॉन सहज घेतो व सोडतो आणि जंतूच्या श्वसनक्रियेत व प्रथिनांच्या कार्यात अडथळा आणतो. ग्रॅम-व्यक्त (ग्रॅमच्या रंजनाने जांभळे दिसणाऱ्या) जंतूंवर ही क्रिया ठळक दिसते. ग्रॅम-अव्यक्त जंतूंना बाहेरच्या पटलाचे संरक्षण असल्याने त्यांवर ती क्षीण असते. मात्र हाच गुण माणसाच्या कोशिकांनाही घातक ठरू शकतो. म्हणून अशा द्रव्यांचा उपयोग मुख्यतः त्वचेवर लावण्यापुरता राहिला. पेनिसिलिनाप्रमाणे रक्तातून देण्याजोगे प्रतिजैव द्रव्य म्हणून शिकोनिनाकडे पाहणे चुकीचे ठरेल.

ऊतक संवर्धनाची पूर्वपीठिका : वनस्पतीची एकटी कोशिका शरीराबाहेर जिवंत ठेवून वाढविता येईल, ही कल्पना ऑस्ट्रियन वनस्पतिवैज्ञानिक गोट्‌लीप हाबरलांट यांनी १९०२ मध्ये मांडली. त्यांच्या कोशिका काही काळ जगल्या, पण विभागल्या नाहीत. १९३४ मध्ये अमेरिकेत फिलिप व्हाइट यांनी टोमॅटोच्या मुळांची टोके अनिश्चित काळ वाढत ठेवून दाखविली. १९३९ मध्ये व्हाइट, तसेच फ्रान्समधील रॉजे गोत्रे व प्येअर नोबेकूर यांनी स्वतंत्रपणे किणाचे (कॅलसचे, म्हणजे अविभेदित कोशिकांच्या गोळ्याचे) अखंड संवर्धन साध्य केले. १९५५ मध्ये कायनेटीन सापडले व दोन वर्षांनी फोक स्कूग आणि कार्लोस मिलर यांनी ऑक्सिन व कायनेटीन यांचे प्रमाण बदलून एकाच गोळ्यातून हवी तेव्हा मुळे वा कोंब फुटवून दाखविले. तोशिओ मुराशिगे व स्कूग यांचे १९६२ मधील पोषक माध्यम अजूनही जगभर वापरात आहे.

औद्योगिक विचाराची प्रेरणा मात्र वनस्पतिविज्ञानातून आली नाही. ती बुरशीकडून आली. दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलीन खोल टाक्यांत किण्वनाने बनविण्याचे तंत्र अमेरिकेतील फायझर कंपनीने विकसित केले होते. याच कंपनीतील जे. बी. राउटिएन व एल. जी. निकेल यांना १९५६ मध्ये वनस्पतींच्या ऊतक संवर्धनाने उपयुक्त द्रव्ये मिळविण्याच्या कृतीचे एकस्व मिळाले. बुरशी टाकीत वाढते, तर औषधी वनस्पतीच्या कोशिका का वाढू नयेत, असा हा सरळ तर्क होता. त्यातील उणीव कळायला पुढची वीस वर्षे लागली.

भारतातही या दिशेने लवकर काम सुरू झाले. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील एम. आर. हेबळे, एस. नारायणस्वामी व एम. एस. चढ्ढा यांनी भुईरिंगणीच्या ऊतक संवर्धनातून स्टेरॉइड औषधांना कच्चा माल म्हणून उपयोगी पडणारे डायोस्जेनिन वेगळे केल्याचे १९६८ मध्ये प्रसिद्ध केले. १९७४ मध्ये त्याच गटाने चित्रकाच्या (लॅ. प्लंबॅगो झेलॅनिका) कोशिकांच्या निरनिराळ्या वाणांत ऊतकांचे विभेदन व प्लंबॅजिनाची निर्मिती यांचा अभ्यास केला. प्लंबॅजिन हेही नॅप्थोक्विनोन असून सूक्ष्मजंतुरोधक आहे. म्हणजे क्योटो येथे मुरासाकीच्या किणात रंग शोधला जात होता त्याच वर्षी तुर्भे येथे चित्रकाच्या किणावर जवळजवळ तोच प्रश्न विचारला जात होता. [→ चित्रक].

क्योटो येथील संशोधन : क्योटो विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागातील ताबाता मामोरू व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मुरासाकीच्या किणात रंगद्रव्य निर्माण होत असल्याचे प्रसिद्ध केले. या वनस्पतीच्या निवडीचा एक मोठा फायदा त्यांना मिळाला : इष्ट द्रव्य डोळ्यांना दिसत होते. कोणता गोळा कामाचा व कोणता निकामी हे ठरविण्यास प्रत्येक वेळी रासायनिक विश्लेषण करावे लागत नसे. गडद तांबडे भाग निवडून ते पुन्हा पुन्हा वेगळे वाढवीत गेल्याने अधिक उत्पादन देणारे वाण हाती आले. रंगहीन अल्कलॉइडांवर काम करणाऱ्यांना ही सोय नव्हती.

या प्रयोगांत असे आढळून आले की, ऑक्सिनांपैकी इंडोल ॲसिटिक अम्ल वापरल्यास रंग येतो. परंतु २,४-डी हे कृत्रिम ऑक्सिन वापरल्यास कोशिका वाढतात, पण रंगद्रव्याची निर्मिती थांबते. प्रकाशानेही, विशेषतः निळ्या प्रकाशाने, ती थांबते. मूळ अंधारात वाढते हे लक्षात घेतले म्हणजे यात नवल वाटत नाही. पुढची अडचण अधिक अनपेक्षित होती. आगरावर (समुद्रशैवलापासून मिळणाऱ्या घट्ट माध्यमावर) तांबडा रंग धरणाऱ्या कोशिका तेच पोषक घटक असलेल्या द्रव माध्यमात सोडल्या, की पांढऱ्याच राहत. टाकीसाठी तर द्रव माध्यमच हवे. आगर हा केवळ आधार नसून त्यातील बहुशर्करेचा अंश निर्मितीस चेतना देतो, असे फुकुई, योशिकावा व ताबाता यांनी १९८३ मध्ये दाखविले.

औद्योगिक पातळीवरील तोडगा मित्सुई पेट्रोकेमिकल इंडस्ट्रीज (१९९७ पासून मित्सुई केमिकल्समध्ये विलीन) या कंपनीतील फुजिता व सहकाऱ्यांनी काढला. त्यांनी अनेक माध्यमे तपासली तेव्हा व्हाइट यांच्या जुन्या माध्यमात, जेथे कोशिकांची वाढ अगदी बेताची होते तेथेच, शिकोनिन तयार झालेले दिसले. त्या माध्यमात नायट्रोजन फक्त नायट्रेटाच्या रूपात असतो. इतर माध्यमांत असणारे अमोनियम लवण शिकोनिनाची निर्मिती दाबून टाकते. तांब्याचा अल्पांश वाढविल्यास निर्मिती वाढते, हेही कळले. यावरून ‘एम-९’ हे निर्मिती-माध्यम सिद्ध झाले (१९८१) व त्यात दर लि. द्रवामागे १ ग्रॅ.हून अधिक शिकोनिन मिळू लागले.

या शोधातील खरा धडा असा की, वाढ व निर्मिती या दोन गोष्टी एकाच वेळी साधत नाहीत. भरपूर पोसलेली कोशिका विभागत राहते. संरक्षक द्रव्य बनविण्याकडे ती वाढ मंदावल्यावर वळते. म्हणून मित्सुईने दोन टप्प्यांची पद्धत अवलंबिली. प्रथम सु. २०० लि. च्या टाकीत वाढ-माध्यमात कोशिकांची संख्या वाढवीत व सु. नऊ दिवसांनी त्या सु. ७५० लि. च्या दुसऱ्या टाकीत एम-९ माध्यमात घालीत. तेथे सु. चौदा दिवसांत त्या गडद तांबड्या होत. मुळांत कोरड्या वजनाच्या १ ते २% शिकोनिन असते, तर या कोशिकांत ते सु. १४% भरले.

बाजारपेठ : १९८३ मध्ये या उत्पादनाची घोषणा झाली. जपानमधील रानटी मुरासाकी दुर्मिळ झाली होती व मुळे चीन आणि कोरिया येथून आयात करावी लागत, त्यामुळे शिकोनिनाची किंमत फार मोठी होती. टाकीतील शिकोनिन १९८४ मध्ये लोकांपुढे आले ते मलमाच्या नव्हे, तर कानेबो कंपनीच्या ओठांना लावण्याच्या लालीच्या रूपात. जैव तंत्रविद्येचा शब्द जपानी घरांत नव्याने ऐकू येत होता. त्याच नावावर या लिपस्टिकची जाहिरात झाली आणि ती झपाट्याने खपली. जखमेवरच्या द्रव्याने ओठ रंगवावेत हे काहींना थिल्लरपणाचे वाटले असेल. पण खर्चाच्या दृष्टीने ते अपरिहार्य होते. लिपस्टिकमध्ये द्रव्य अत्यल्प लागते, त्याचे मोल अधिक येते. औषधाच्या बाबतीत अडचण निराळी आहे. जपानच्या औषधकोशात नोंद आहे ती मुळाची, आणि मुळात शिकोनिनाचे अनेक एस्टर व इतर घटक एकत्र असतात. टाकीतील कोशिकापुंज म्हणजे मूळ नव्हे.

इतर द्रव्ये : शिकोनिनाच्या यशाने धीर येऊन बर्बेरिनाकडे लक्ष वळले. हे पिवळे अल्कलॉइड अतिसारातील जंतूंवर गुणकारी म्हणून जपानमध्ये वापरात होते. महाराष्ट्रात ते दारुहळद व तिच्या काढ्यापासून केलेले रसांजन (रसवंती) यांच्या रूपात परिचित आहे. जपानी कॉप्टिस वनस्पतीचे मूळखोड काढणीस येण्यास पाच-सहा वर्षे लागतात. क्योटो येथील यामादा यासुयुकी व सातो फुमिहिको यांनी तिच्या कोशिकांतून निवडीने भरघोस उत्पादन देणारे वाण मिळविले. बर्बेरीनही पिवळे असल्याने येथेही डोळ्यांची मदत झाली. कॉप्टिसच्या कोशिका बर्बेरीन रिक्तिकेत (कोशिकेतील द्रवयुक्त पोकळीत) साठवून ठेवतात, तर थॅलिक्ट्रम मायनसच्या कोशिका ते बाहेर माध्यमात सोडतात, असे ताबाता यांच्या गटाला आढळले. दुसरा प्रकार उद्योगाला अर्थातच अधिक सोयीचा. एवढे होऊनही बर्बेरीन शिकोनिनाच्या वाटेने गेले नाही. ते अनेक वनस्पतींच्या सालीतून स्वस्तात मिळते. टाकीतील कोशिकांनी कितीही उत्तम काम केले, तरी सालीच्या भावाशी त्यांना स्पर्धा करता येत नव्हती.

कॅनडातील सॅस्काटून येथे आयलर्ट, कुर्त्स व काँस्टाबेल यांनी १९८५ मध्ये अफूच्या झाडाच्या कोशिकांना बोट्रायटिस या बुरशीचा निर्जीव अर्क दिला, तेव्हा त्यांत सँग्विनारीन हे सूक्ष्मजंतुरोधक अल्कलॉइड मोठ्या प्रमाणात तयार झाले. शत्रूची नुसती चाहूल लागताच कोशिकेने शस्त्र उपसावे, तसा हा प्रकार. सँग्विनारीन असलेली वनस्पती वापरून केलेली दंतमंजने व मुखधावने अमेरिकेत खपत होती, त्यामुळे या शोधाला व्यापारी अर्थ होता. परंतु १९९९ मध्ये त्यांच्या वापराचा तोंडातील पांढऱ्या चट्ट्यांशी (ल्युकोप्लेकियाशी) संबंध असल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले आणि या द्रव्याविषयीचा उत्साह ओसरला.

मर्यादा : जंतूची संख्या अनुकूल परिस्थितीत सु. वीस मिनिटांत दुप्पट होते. वनस्पतीच्या कोशिकेस त्यासाठी एक वा अधिक दिवस लागतात. तितका काळ टाकीत एकही परका जंतू शिरू न देणे खर्चाचे असते, कारण साखर व लवणे यांनी भरलेले ते माध्यम जंतूंना मेजवानीच असते. कोशिका आकाराने मोठ्या व नाजूक असल्याने पंख्याने घुसळल्यास फाटतात, न घुसळल्यास गोळे होऊन हवेवाचून मरतात. निवडलेले वाणही पिढ्यांगणिक मूळ गुण गमावू शकतात. या साऱ्या खर्चाला पुरून उरेल एवढी किंमत ज्या द्रव्याला येते तेच टाकीतून काढणे परवडते. सूक्ष्मजंतुरोधक द्रव्यांना मात्र बुरशी व ॲक्टिनोमायसीट यांपासून मिळणाऱ्या स्वस्त व अधिक प्रभावी प्रतिजैवांशी सामना द्यावा लागला. पुढे टाकीतील कोशिकांना मोठे यश मिळाले ते पॅक्लिटॅक्सेल या कर्करोगावरील औषधाच्या बाबतीत, आणि त्याचेही कारण किंमत व यू वृक्षांची टंचाई हेच होते.

औषधी वनस्पतींच्या बाबतीत ऊतक संवर्धनाचा दुसरा उपयोग अधिक सहजपणे रुजला : द्रव्य नव्हे, तर अखंड रोपेच वाढविण्याचा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील नाडगौडा, मस्करेन्हस, हेंद्रे व जगन्नाथन यांनी हळदीची रोपे या पद्धतीने जलद वाढविण्याची कृती १९७८ मध्ये प्रसिद्ध केली. येथे कोशिकेने काचपात्रात औषध बनविण्याची गरज नसते. ते काम पुढे शेतात मूळखोड आपले आपण करते.

मुळांकडे पुनरागमन : ॲग्रोबॅक्टेरियम ऱ्हायझोजीनस या जंतूचा संसर्ग घडवून आणलेली ‘केसाळ मुळे’ हॉर्मोनांशिवाय वेगाने वाढतात व त्यांचे गुण सुट्या कोशिकांहून अधिक स्थिर राहतात. मुरासाकीच्या अशा मुळांपासून शिकोनिन सतत काढून घेण्याची पद्धत शिमोमुरा व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये वर्णिली. १९९९ मध्ये ब्रिगॅम, मायकेल्स व फ्लोरेस यांनी याच वनस्पतीच्या केसाळ मुळांवर प्रयोग करून, ही तांबडी द्रव्ये मातीतील रोगकारक बुरशी व जंतू यांना रोखतात आणि मुळाच्या बाहेरील कोशिकांतून स्रवतात, असे दाखविले. शिकोनिन अंधारात का बनते, प्रकाशात का थांबते आणि आगरातील बहुशर्करा त्याला का चेतविते, या क्योटोतील जुन्या निरीक्षणांचा अर्थ यामुळे लागला. शिकोनिनाच्या निर्मितीत पॅरा-हायड्रॉक्सिबेंझॉइक अम्लाला जेरॅनिल गट जोडणाऱ्या एंझाइमाचे जनुक २००२ मध्ये याझाकी व सहकाऱ्यांनी वेगळे केले.

रानातील मुरासाकी मात्र जपानमध्ये संकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत आहे. शिउन्कोसाठी लागणारा शिकोन बहुतांशी चीनमधून येतो.